पळून आलेल्याला दार



आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल पळून आलेल्या अनेसिमला फिलेमोनकडे परत पाठवतो, पण दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून. हे ऐकताना आपल्या नाशिकचे शरणपूर आठवते. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे १८५० च्या दशकापासून प्रोटेस्टंट मिशनने सांभाळली. त्यांतलाच विल्यम जोन्स. १८६४ साली तो मोंबासाजवळच्या रबई मिशनमध्ये गेला, पुढे पाळक झाला. मालकांकडून पळालेले गुलाम रबईत येऊ लागले, तेव्हा त्याने त्यांना ठेवून घेतले. मालक चिडले. मिशनचे वरिष्ठही धास्तावले. अखेर १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे चौदाशे जणांना सुटकेचे कागद मिळाले. मोबदला मात्र मालकांना, राबणाऱ्यांना नाही. हे आपल्याला खटकतेच.

आपल्याकडे उचल घेतलेला सालगडी साल अर्धवट टाकून आला, की आपण आधी विचारतो, 'किती बुडवले?' त्याला मारहाण झाली का, जाऊ देत होते का, हे नंतर. उचलीपायी माणूस डांबला गेला असेल तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ते कर्जच रद्द होते. सुटकेचा दाखला जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी देतात. तिथे तो एकटा जायला धजणार नाही. आपल्यापैकी दोघे-तिघे त्याच्यासोबत जाऊ या.