मधला माणूस आणि बारा सोमवार

आपल्याकडे टिकाऊपणाला फार मान. लोणचं वर्षभर टिकलं पाहिजे, लग्न पन्नास वर्षं टिकलं पाहिजे, आणि स्कूटर या दोन्हींपेक्षा जास्त टिकली पाहिजे, अशी मध्यमवर्गाची साधी श्रद्धा असते. जे टिकलं ते चांगलं. जे बंद पडलं त्यात कुठेतरी खोट असणारच! बी.कॉम. होऊन वीस-बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढल्यावर ही श्रद्धा अस्मादिकांच्याही अंगात मुरली होती. तिला सुरुंग लावला तो एका विनोदी मालिकेनं. आणि मालिका तरी केवढी, तर अवघ्या बारा भागांची!

तिचं नाव 'द मिडलमन'. अमेरिकेतल्या 'एबीसी फॅमिली' वाहिनीवर ती १६ जून २००८ रोजी सुरू झाली आणि १ सप्टेंबर २००८ रोजी संपली. दोन्ही दिवस सोमवार. म्हणजे मोजून बारा सोमवार. आपल्याकडच्या व्रताला सोळा लागतात. बिचारीचं उद्यापनसुद्धा झालं नाही. मी ती पाहिली बऱ्याच वर्षांनी, मामेभावानं तिकडून आणलेल्या डीव्हीडीच्या संचावर.

गोष्ट अशी आहे, की चारचौघांत सांगितली तर लोक आपल्या तब्येतीची चौकशी करतील. वेंडी वॉटसन नावाची एक चित्रकार मुलगी पोटासाठी हंगामी नोकऱ्या करत असते. अशाच एका नोकरीत एक अक्राळविक्राळ प्राणी तिच्यावर चालून येतो. ती किंचाळत नाही, टेबलावरची वस्तू उचलून त्याच्याशी झुंजते. तिचं हे धैर्य पाहून मिडलमन तिला हाताखाली घेतो. मिडलमन म्हणजे जगाला वाचवण्याची नोकरी करणारा सद्गृहस्थ. मग दोघांच्या वाट्याला काय काय येतं! गुंडांच्या सिनेमांचा षौकीन गोरिला, रक्तपिपासू बोलकी बाहुली, 'टायटॅनिक'वरचं शापित पितळी वाद्य. आणि हे सारं चालतं कॉमिक्सच्या पानासारखं भराभर, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

मला मात्र मालिका आवडली ती राक्षसांमुळे नव्हे, कचेरीमुळे. मिडलमनला आपण कोणासाठी काम करतो हेच ठाऊक नाही. वरून सामग्री येते. वर कोण बसलंय, पत्ता नाही. हेड ऑफिसबद्दल माझंही ज्ञान इतपतच आहे. कचेरीत आयडा नावाची एक खवचट बाई आहे, ती खरी म्हणजे यंत्र. हे मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर कुठल्याही कचेरीत ती सहज खपून जाईल.

खुद्द मिडलमन (मॅट कीस्लर या नटानं त्याला इस्त्रीच्या घडीसारखा ताठ उभा केला आहे) दूध पितो आणि शिवी देत नाही. वेंडीच्या तोंडून एखादा अस्सल शब्द निसटला, तर पडद्यावर तिच्या तोंडापुढे काळी पट्टी येते. त्याला पट्टीची गरजच पडत नाही. फार संतापला तरी त्याचे उद्गार आपल्या 'अरेच्चा'च्या वर जात नाहीत. दूध म्हटल्यावर मला वेताळ आठवला. इंद्रजाल कॉमिक्समधला आमचा वेताळ गुंडांच्या गुत्त्यात शिरूनही दूधच मागवायचा. दोघं एकाच घराण्यातले! वेताळाची गादी बापाकडून मुलाकडे जाते, मिडलमनची खुर्ची उमेदवाराकडे. एरवी विनोदात सज्जन माणूस असतो तो फजितीपुरता. केळीच्या सालीवरून घसरणार कोण? तोच! या मालिकेत त्याच्या सज्जनपणाची गंमत होते, पण टवाळी होत नाही. हसून झाल्यावर त्याच्यासारखं व्हावंसं वाटतं, ही गोष्ट विनोदात फारच दुर्मीळ.

आता खरी अडचण. या माणसाचं काम चोख झालं, तर ते कोणाला कळतच नाही. जग बुडालं असतं तर बातमी. बुडालं नाही, त्याची बातमी कोण छापणार? रोखपालाचंही तसंच आहे. संध्याकाळी कॅश जुळली, तर शाखेत चकार शब्द निघत नाही. दहा रुपये कमी आले, की शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे येऊन वाकून बघतात. न घडलेल्या वाइटाची नोंद ठेवायला जगात रजिस्टर नाही. मग मनात येतं, ज्याची नोंद नाही आणि जे टिकलंही नाही, त्याचं मोल काय?

आमच्या सौ.नं हाच प्रश्न रोखठोक विचारला. ''अहो, इतकी चांगली होती, तर बंद का पडली?''

कॉमर्सवाल्याला याचं उत्तर पाठ असतं. प्रेक्षक कमी, खर्च जास्त. खातं परवडत नसेल, तर वाहिनीनं ते बंद करावं. तो तिचा धंदा आहे. पण 'बंद पडली' आणि 'फुकट गेली' ही दोन वाक्यं आपण एका श्वासात म्हणतो, तिथे हिशेब चुकतो.

माझ्या वडिलांनी आमच्या वाड्याच्या पडवीत मुलांसाठी मोफत वाचनालय चालवलं होतं. 'चांदोबा'चे अंक, इंद्रजालची फाटकी कॉमिक्सं, अशी दोन कपाटं. अडीच वर्षं चाललं. मग घरमालकांना पडवी सायकलींसाठी हवी झाली. पुढे कधीही विषय निघाला, की नातेवाईक म्हणायचे, ''शेवटी बंदच पडलं ना!'' आणि वडील पानाची चंची उघडून गप्प बसायचे. ते शेवटपर्यंत गप्पच राहिले. त्या पडवीत वाचनाची गोडी लागलेला एक मुलगा आज आमच्या शाखेचा खातेदार आहे. प्रत्येक कागद तळटिपेपर्यंत वाचल्याशिवाय सही करत नाही, आणि वर माझ्या चुका काढतो. इतका कटकट्या गिऱ्हाईक मला दुसरा नाही. पण वडिलांच्या ठेवीवरचं व्याज आहे ते, मी मुकाट्यानं सोसतो.

बँकेला लोक निर्दय म्हणतात. पण मुदत ठेव मध्येच मोडली, तरी बँक साधारणपणे दंड कापून, ठेव जितके दिवस होती तितक्या दिवसांचं व्याज देते. माणसांच्या आणि त्यांच्या कामांच्या बाबतीत आपण मात्र मुदत पुरी झाली नाही म्हणून व्याज तर बुडवतोच, मुद्दलही नाकारतो. निदान बँकेइतकी तरी माणुसकी दाखवावी!

मालिकेचे खरे तेरा भाग ठरले होते. तेरावा झालाच नाही. पण हाविएर ग्रिलो-मार्क्सवाच या तिच्या जनकानं ही गोष्ट मालिकेआधी चित्रकार लेस मॅकक्लेन याच्यासोबत कॉमिक्समध्येच मांडली होती. तेरावा भागही त्यानं २००९ साली कॉमिक्सचं पुस्तक म्हणून काढला, आणि त्याच वर्षी सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये नटमंडळींनी एकत्र बसून तो चाहत्यांना वाचून दाखवला.

आपल्याकडे बारा दिवस दुःखाचे असतात, तेराव्याला गोडाचं जेवण करायचं असतं. त्या मंडळींना ही रीत कोणी सांगितली, देव जाणे!