एका मुक्कामाचा हिशेब

जपानचा आठ-दहा दिवसांचा बेत आखायला बसलं की कोयासानचं नाव सगळ्यात शेवटी येतं आणि कापाकापीत सगळ्यात आधी जातं. तोक्यो, फुजी, क्योतो, ओसाका ही मंडळी पक्की असतात. कोयासान म्हणजे वाकायामा प्रांतातलं, सुमारे आठशे मीटर उंचीवरचं, चहूबाजूंनी शिखरांनी वेढलेलं मंदिरांचं गाव. ओसाकाच्या नांबा स्टेशनातून नानकाई कंपनीची गाडी, मग केबल कार, मग बस, असा एकूण दोनेक तासांचा प्रवास. दोन तास म्हटलं की आपल्यातला हिशेबनीस लगेच जागा होतो. आठला निघू, दहाला पोचू, चारला परत फिरू. सामान हलवायला नको, हॉटेल बदलायला नको. आकडेमोड बरोबर आहे. फक्त तिने एक गोष्ट गृहीत धरलेली असते. गाव म्हणजे बघायच्या जागांची यादी, आणि ती जितक्या कमी वेळात उरकेल तितका बेत झकास.

यादीच करायची तर ती छोटी आहे. दांजो गारान हे मंदिरांचं मुख्य आवार आणि त्यातला कोनपोन दाइतो हा शेंदरी रंगाचा भव्य स्तूप. शिंगोन पंथाचं प्रमुख मंदिर कोंगोबुजी. १९२१ साली उघडलेलं रेइहोकान संग्रहालय. आणि गावाच्या पूर्वेला उंच सुगी वृक्षांच्या राईत पसरलेली ओकुनोइन ही स्मशानभूमी. पाच-सहा तासांत सगळं होतं. जुन्याची ओढ घेऊन आलेल्याचा थोडा हिरमोडही होतो. कुकाई या भिक्षूला (७७४–८३५) सम्राट सागाने हा डोंगर ८१६ साली दिला खरा, पण विजांनी आणि आगींनी इथली लाकडी मंदिरं पुन्हा पुन्हा खाल्ली. आजचा कोनपोन दाइतो १९३७चा आहे आणि त्याचा सांगाडा काँक्रीटचा. नुसतं जुनं लाकूड बघायचं असेल तर नाराजवळचं होर्युजी केव्हाही सरस.

मग इथं जुनं काय आहे? इथल्या दिवसाची घडी.

गारानातली मोठी घंटा पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत पाच वेळा वाजते. दिवसभराचे टोल मोजले तर १०८ भरतात. त्याहून जुना नेम ओकुनोइनमध्ये चालतो. शिंगोन पंथाची श्रद्धा अशी की कुकाई ८३५ साली वारले नाहीत. समाधिस्थानी ते ध्यानस्थ बसले आणि भावी बुद्ध मैत्रेय येईपर्यंत तसेच बसून राहणार आहेत. आळंदी ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. ध्यानस्थ आहेत म्हणजे आहेत, आणि आहेत म्हणजे जेवणार. म्हणून रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला त्यांचं ताट जातं. गोकुशो या मुदपाकखान्यात स्वयंपाक होतो. बाहेर एक छोटी देवळी आहे, अजिमी जिझोची. चव आधी या जिझोने बघायची, अशी रीत. मग पांढऱ्या लाकडाची पेटी दोन भिक्षू उचलतात, त्यांच्यापुढे युइना या पदावरचा भिक्षू चालू लागतो आणि तिघे गोब्योबाशी हा दगडी पूल ओलांडून पलीकडे जातात. समाधीच्या आत काय आहे, हे युइनाने कोणालाही सांगायचं नसतं. पुलापलीकडे फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे हे सगळं नुसतं डोळ्यांनी बघायचं. बघायला कोणी आहे की नाही, याच्याशी त्या ताटाला काही घेणं नसतं.

पर्यटक आणि यात्रेकरू यांच्यातला फरक आपण श्रद्धेने मोजतो. मला तो वेळेने मोजावासा वाटतो. ज्याचा दिवस परतीच्या गाडीवर ठरतो तो पर्यटक. ज्याचा दिवस ते ठिकाण ठरवतं तो यात्रेकरू, मग तो पक्का नास्तिक का असेना. या मापाने पाहिलं तर आठला नांबाहून निघालेला माणूस धावतपळत साडेदहाचं ताट गाठूही शकेल, पण त्या धावपळीत त्याचं मनगटावरचं घड्याळ एकदाही उतरलेलं नसतं. रात्री राहिलेल्याची गोष्ट वेगळी होते, कारण राहायची सोय बहुतेक मंदिरांतच आहे. गावात ११७ मंदिरं आहेत आणि त्यांतली पन्नासेक पाहुण्यांना उतरवून घेतात. अशा मंदिराला शुकुबो म्हणतात. पाहुण्याने साधारण पाचच्या आत दाखल व्हायचं. जेवण साडेपाच-सहाला. रात्री नऊच्या सुमाराला दार बंद. पहाटे सहा-साडेसहाला प्रार्थना, आणि न्याहारी तिच्यानंतर. उशिरा पोचलात तर जेवण तुमच्यासाठी ताटकळत बसत नाही. एरवी हजारो रुपये मोजून आपण जी गोष्ट विकत घेतो ती म्हणजे आपल्या मर्जीची वेळ. इथं पैसे मोजून ती सोडून द्यायची असते.

त्या जेवणाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण जपानला निघालेल्या शाकाहारी मराठी कुटुंबाची अर्धी चिंता तिथे मिटते. जपानी रस्सा वरून कितीही निष्पाप दिसला तरी त्याच्या मुळाशी बहुधा बोनितो माशाचा अर्क असतो. मंदिरातल्या शोजिन रियोरीत मांस-मासळी नाही, अर्क काढतात तो कोंबू या समुद्री शेवाळाचा नि शिताके अळंब्यांचा, आणि कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या घरालाही हे ताट चालावं. ठेंगण्या लाखी चौरंगावर बऱ्याच छोट्या वाट्या येतात. गोमादोफू हा तीळ वाटून कुझूच्या पिठीत शिजवलेला मऊ लुसलुशीत चौकोन. कोयादोफू म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू. स्पंजासारखा सच्छिद्र असल्यामुळे तो रस्सा पोटभर पितो आणि दाताखाली परत देतो. डोंगरावरच्या कडाक्याच्या थंडीत टोफू बाहेर राहिला, गोठला आणि त्यातून हा प्रकार निघाला असं सांगतात.

इथे चोखंदळ माणूस आक्षेप घेतो. आगाऊ पैसे भरून राखून ठेवलेली खोली, परदेशी पाहुण्यांची गर्दी, आणि वर पहाटेची प्रार्थना हा कार्यक्रमातलाच एक भाग. यात यात्रा कसली, हा तर अध्यात्माचा धंदा. आक्षेप खोटा नाही, पण तो या डोंगराचा इतिहास विसरतो. मध्ययुगात कोया हिजिरी नावाचे फिरस्ते भिक्षू देशभर हिंडून देणग्या गोळा करत, कोबो दाइशींची म्हणजे कुकाईंचीच महती गात आणि लोकांच्या आप्तांच्या अस्थी डोंगरावर आणून ठेवत. पुढे सरदार घराण्यांनी एकेक मंदिर धरलं. त्या घराण्याची माणसं आली की त्याच मंदिरात उतरत आणि त्यांच्या पितरांची स्मृती तिथेच जपली जाई. मेइजी राजवटीत मंदिरांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, तेव्हा पाहुणचार आणि पितरकार्य यांचाच आधार उरला. म्हणजे पाहुण्याचा पैसा या गावाला काल-परवा लागलेली कीड नव्हे. गाव जगलंच त्याच्यावर.

ओकुनोइनमध्ये हे व्यवहारी अंग उघड्यावर दिसतं. इचिनोहाशी पुलापासून समाधीपर्यंतच्या दोन किलोमीटर वाटेवर दोन लाखांहून अधिक स्मारकं आहेत. ओदा नोबुनागा इथे आहे आणि त्याच्यावर उलटलेला आकेची मित्सुहिदेही इथेच आहे. ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन हयातभर एकमेकांशी लढले नि शेवटी शेजारी आले. नव्या भागात कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेली स्मारकं आहेत, त्यांत एक चक्क रॉकेटच्या आकाराचं; आणि कीटकनाशकाच्या व्यावसायिकांनी आपण मारलेल्या वाळवीसाठी उभारलेलं एक. घाईतला प्रवासी रॉकेटचा फोटो काढून हसतो आणि पुढे जातो. थोडा रेंगाळला तर त्याला आणखी एक गोष्ट दिसेल, आणि ती मराठी माणसाला इतरांपेक्षा लवकर दिसावी. शेवाळलेल्या स्मारकांपैकी असंख्य पाच भागांची आहेत. खाली चौकोनी ठोकळा, त्यावर गोल, त्यावर उतरतं छप्पर, मग अर्धगोल, आणि माथ्यावर टोकदार रत्न. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. पुष्कळांवर खालून वर पाच अक्षरं कोरलेली असतात: अ, व, र, ह, ख. लिपी सिद्धम् आहे, देवनागरी नाही, पण दोघींचं मूळ ब्राह्मीच. कुकाई ८०४ साली चीनला गेले, छांगआनमध्ये हुइगुओ या आचार्यांकडे मंत्रमार्ग शिकले आणि प्रज्ञ या भारतीय भिक्षूकडे संस्कृत. ८०६ साली ते परतले ते हा वारसा घेऊन. ज्या गोब्योबाशीवरून ताट जातं, त्याच्या ३६ फरशांच्या खालच्या अंगालाही देवतांची बीजाक्षरं कोरलेली आहेत. वरून चालणाऱ्याला ती दिसत नाहीत.

आता उलट बाजू. ठिकाणाच्या वेळेपुढे मान तुकवावी म्हणताना त्याच्या सगळ्याच नियमांपुढे तुकवावी का? १८७२ साली सरकारने बंदी उठवेपर्यंत या डोंगरावर बाईला पाऊल टाकता येत नव्हतं, आणि बायकांनी वर राहण्याला विरोध त्यानंतरही काही दशकं टिकला. गावाच्या सात वेशींवर बायकांसाठी एकेक न्योनिन्दो, म्हणजे प्रार्थनेचं घर होतं. आज त्यांतलं एकच उभं आहे. पुढे जायची परवानगी नसलेल्या बायका कड्याकड्याने डोंगराची फेरी करत आणि झाडांच्या फटीतून आतली मंदिरं पाहत. आख्यायिका सांगते की खुद्द कुकाईंच्या आईलाही पायथ्याच्या जिसोनइनमध्येच राहावं लागलं आणि मुलगा महिन्यातून नऊ वेळा उतरून तिला भेटायला येई. हा नियमही शतकानुशतकं पाळला गेला, त्याच शिस्तीने, त्याच घंटेच्या टोलांवर. तेव्हा जुनेपणा हे काही नियम पाळायचं कारण होऊ शकत नाही. सहाच्या प्रार्थनेला उठण्याने कोणाचं काही हिरावलं जात नाही, वेशीवर थांबवण्याने जात होतं. पाहुण्याने शिस्त पाळताना एवढी निवड डोक्यात ठेवावी.

तर बेत असा. एक रात्र द्यावी, आणि ती ओसाकाच्या वाट्यातून कापावी. ओसाका मध्यरात्रीही जेवू घालतं, त्याला आपली कुठलीही वेळ चालते. जपान रेल्वेचा पास नानकाईच्या गाडीत चालत नाही, ते तिकीट वेगळं धरावं. केबल कार पाच मिनिटांत जवळपास ३३० मीटर वर नेते. वरच्या स्टेशनापासून गावाचा रस्ता फक्त बससाठी आहे, तेव्हा चालत जायचा विचार करू नये. थंडीचे कपडे ओसाकाच्या हवेवरून ठरवू नयेत. पाय धड असतील आणि सबंध दिवस हाताशी असेल तर केबल कार सोडून कुदोयामाहून चोइशीमिचीने चढावं. ही वीसेक किलोमीटरची पायवाट. साधारण दर १०९ मीटरवर पंचमहाभूतांच्याच आकाराचा एकेक दगडी खांब, जिसोनइनपासून गारानापर्यंत १८०. तेराव्या शतकात उभे केलेले हे खांब सहा-सात तासांची चाल मोजून देतात.

पहिल्या दुपारी गारान आणि कोंगोबुजी उरकून पाचच्या आत मंदिरात पोचावं. सकाळची प्रार्थना आणि न्याहारी झाली की साडेदहाच्या ताटाच्या बेताने ओकुनोइनची वाट धरावी. मग परतीची गाडी एक वाजताची न धरता जरा पुढची धरावी, आणि मधल्या वेळात दाइमोनच्या लाल महाद्वारापासून बेंतेनदाकेवरून न्योनिन्दोपर्यंतचा जुन्या बायकांच्या वाटेचा तुकडा चालावा. चढ आहे, पण तास-दीड तासात होतो. गावाच्या वेळा पाळून झाल्यावर, ज्यांना गावाने पाहुणचारच नाकारला त्यांच्या वाटेसाठी एवढा वेळ आपल्या हिशेबात बसायला हरकत नसावी.