विहिरीचा तळ

वाचन: निर्गम 16:13-21

इथे गुजरातेत, निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत पाणी सकाळी येते, तेही ठरलेल्या वेळेपुरते. मोटार लावायची, टाकी भरून घ्यायची, पिण्याचे पाणी गाळून वेगळे ठेवायचे आणि मग दादांना उठवायचे. दादा म्हणजे माझे सासरे, रेल्वेतून निवृत्त झालेले. दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणेही जवळजवळ गेले. चहा हवा हे सांगायचे तरी चार वेळा अडखळतात. पण प्रभूची प्रार्थना मात्र त्यांच्या तोंडून सरळ येते. लहानपणी पाठ झालेले असे मागे उरते, असे डॉक्टर म्हणाले. माझे तेवढ्याने समाधान झाले नाही, पण ते असो.

रविवारी फतेगंजला आमची उपासना गुजरातीत असते. घरची प्रार्थना मराठीत. माझे माहेर नगरचे, त्यामुळे जिभेवर अजून भाकर आहे आणि कानावर रोटली. गेल्या काही महिन्यांत दादांबरोबर रोज तेच शब्द म्हणताना एक गोष्ट ध्यानात आली. भाकरीच्या त्या एवढ्याशा मागणीत ‘रोजची’ हा शब्द आहे आणि ‘आज’ हाही आहे. गुजरातीतही तसेच, ‘दिवसनी’ आणि ‘आज’. एकाच मागणीत दिवस दोनदा आला आहे. माझ्या स्वतःच्या प्रार्थनेत तो एकदाही नव्हता.

मी मागत होते ते वर्षाचे. नोकरी सोडू की रजा वाढवू? दादा पुन्हा चालतील का? साठवलेला पैसा किती दिवस पुरेल? मुलीला बारावीनंतर बाहेर पाठवता येईल का? देवा, एकदा सगळे नीट सांग, म्हणजे मी निमूटपणे करीत जाईन, अशी माझी प्रार्थना होती. उत्तर येत नव्हते. त्याने आपल्याला सोडले, असे मला मनापासून वाटू लागले होते. हे मी मंडळीत कुणाला सांगितले नाही. विश्वासणाऱ्या घरातली सून असे बोलत नाही.

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंविषयी पुन्हा वाचायला घेतले. त्यांचे केडगावचे मुक्ती मिशन आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत सगळ्यांना माहीत असते. लहानपणापासून नाव ऐकलेले, म्हणूनच कधी नीट वाचलेले नव्हते.

रमाबाईंनी 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले, पुढे ते पुण्याला नेले. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. दहा वर्षांनंतर काय? म्हणून त्यांनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेतली आणि फळझाडे लावली. फळांच्या उत्पन्नावर सदन चालेल, असा हिशेब होता. चांगला, शहाणपणाचा हिशेब. पण 1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतःचे आईवडील आणि बहीण उपासमारीच्या दिवसांतच गमावली होती, तेव्हा त्यांची विशीही उलटली नव्हती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगची साथ. तिथे एवढ्या मुलींना ठेवता येईना. मग जागा कुठली? केडगावची. फळांसाठी घेतलेल्या त्या रानात मुली राहू लागल्या आणि तिथेच मुक्ती सदन उभे राहिले.

इथे मी बराच वेळ थांबले. जमीन घेताना रमाबाईंना हे ठाऊक नव्हते. त्यांनी देवाला विचारले असेल आणि त्यांना कळले असेल ते झाडे लावण्यापुरतेच. तेवढे त्यांनी केले. बाकीचे ज्याचे होते त्याच्याजवळ राहिले.

आणि मग आला आमच्या गुजरातचा दुष्काळ. विक्रम संवत 1956 चा, म्हणून इथले लोक आजही त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात. इसवी सन 1899-1900. त्या वेळी मुक्तीची माणसे गुजरातेत आली आणि इथल्या मुलींना केडगावला घेऊन गेली. मुक्तीतली संख्या एकोणीसशेच्या आसपास पोचली. पाऊस तिकडेही नव्हता. सदनाच्या दोन विहिरी होत्या. शंभरावर गुरे, भाजीपाल्याचे मळे, चाललेले बांधकाम, हे सगळे त्याच पाण्यावर. रमाबाईंनी लिहून ठेवले आहे की दोन्ही विहिरींचे पाणी रोज पूर्ण उपसले जाई, संध्याकाळी तळ दिसे आणि उद्याचे पाणी कुठून येणार असा प्रश्न पडे. सकाळी पुन्हा पाणी आलेले असे, आणि ते दिवसभर पुरे.

विहीर भरून वाहिली, असे त्या म्हणत नाहीत. साक्ष देताना माणूस थोडे वाढवून सांगतो. रमाबाईंनी वाढवलेले नाही. त्यांच्या लिहिण्यात तळ रोज दिसतो. मला तर वाटते, त्या साक्षीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. इस्राएलाला रानात मिळालेल्या मान्न्याचेही असेच होते. सकाळी गोळा करायचा, घरातल्या माणसांपुरता. ज्याने उद्यासाठी झाकून ठेवला त्याच्या भांड्यात किडे पडले. देवाला आपल्या लोकांची साठवण बघवत नव्हती असे नाही. शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट त्यानेच दिले, आणि ते टिकलेही. पण एरवी त्याला इस्राएल रोज सकाळी दारात यायला हवा होता.

भरवसा म्हणजे हातपाय न हलवणे, असे कुणी म्हणू लागले की मला रमाबाईंची आठवण होते. विहिरीतले पाणी त्यांच्या हातचे नव्हते, पण पाणी उपसायला, भाजी लावायला, आजारी पोरींना अंघोळ घालायला माणसांचेच हात लागत होते. माझ्या घरीही दादांचा उजवा हात रोज वीस वेळा वर-खाली करायचा असतो. ते देवदूत करून जात नाहीत.

शेवटच्या वर्षांत रमाबाईंना ऐकू येईनासे झाले होते. त्यांची मुलगी मनोरमा, जिच्यावर मुक्तीची पुढची भिस्त होती, 1921 च्या जुलैत वारली. संपूर्ण पवित्र शास्त्राचे हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर तेव्हा हातात होते. ते काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या, तोवर ते पुरे झालेले होते. लेक गेल्यानंतरचे ते आठ-नऊ महिने मला कळत नाहीत. कोणत्या बळावर त्या सकाळी उठून पुन्हा कागद पुढे ओढत असतील? एकदम आठ-नऊ महिन्यांचे बळ त्यांना मिळाले असेल, असे मला वाटत नाही.

त्या गुजरातच्या पोरी मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत. आपल्या गावी त्यांनी विहिरी आटताना बघितल्या होत्या. विहिरीचा तळ दिसला की पुढे काय होते, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नव्हते. केडगावला आल्यावर पहिल्या संध्याकाळी त्यांनी आत डोकावले असेल आणि पुन्हा तोच तळ दिसला असेल. मराठी त्यांना येत नव्हती. कुणीतरी हाताला धरून त्यांना आत नेले असेल, निजवले असेल. सकाळी रहाटाचा आवाज आला तेव्हा त्या धावत गेल्या असतील का?

नोकरीचे अजून ठरलेले नाही. महिन्याअखेरपर्यंत रजा आहे.

आज गुरुवार. फिजिओथेरपीचे भाऊ दहाला येतील. दादांचे औषध संपत आले आहे, ते छाणी जकात नाक्याजवळून आणायचे आहे. मुलीचा पेपर आहे. प्रभू, एवढ्यासाठी पुरेल इतकी आजची ताकद दे, आणि दादांवर आवाज चढायला लागला तर मला आवर. उद्या सकाळी मी पुन्हा येईन.

पाणी आले. मोटार लावायला हवी.