चिकटवलेली नावे

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण ज्याने रचली, त्याने सोनूबाईची थट्टा केली. ते नाव ज्यांनी ठेवले, त्यांना मात्र मोकळे सोडले. हा न्याय मला नेहमीच उफराटा वाटत आला आहे.

घरातले दिवे दुरून लावण्याचा रिमोट घ्या. १९७५ साली स्कॉटलंडमधील एका कंपनीने ‘एक्स-टेन’ नावाची पद्धत काढली. घरातल्या विजेच्या तारांवरूनच दिव्यांना हुकूम धाडायचा, ही तिची युक्ती. सोळा अक्षरे आणि सोळा आकडे, म्हणजे एकूण २५६ पत्ते. हातातला रिमोट मात्र रेडिओलहरींनी बोलतो. अमेरिकेसाठी केलेला ३१० मेगाहर्ट्झवर, युरोपातला ४३३.९२ वर. ही उपकरणे अनेक कंपन्यांच्या नावांनी विकली गेली. तोंडावळा मात्र सारखाच. अशा जुळ्या भावंडांपैकी एकावर दुसऱ्याचे लेबल लागले, तर डोळ्यांना काहीच कळत नाही. दिवा लागत नाही, एवढेच.

समजा, न्यू जर्सीला मुलाकडे गेलेल्या एखाद्या आजींच्या हाती असा रिमोट आला. त्या बटण दाबतात, पुन्हा दाबतात, अंधार तसाच. घरचे हसून म्हणतात, “आजींना ही यंत्रे जमायची नाहीत.” चूक लेबलाची, पण शिक्का बसला आजींवर! चार दिवसांनी त्या स्वतःच म्हणू लागतात, “मला नाही बाई जमत.” एका खोट्या नावातून दुसरे खोटे नाव जन्मले, आणि हे दुसरे सहजासहजी निघत नाही.

न्यायशास्त्रात गवयाचा दृष्टान्त आहे. ‘गवय गाईसारखा असतो’ असे नगरवासी ऐकतो, रानात तसा प्राणी पाहतो आणि ‘हाच गवय’ असे ओळखतो. नाव आणि वस्तू यांची गाठ अशी पडते. पण सारी भिस्त सांगणाऱ्यावर! त्याने निष्काळजीपणे भलतेच सांगितले असते, तर मूर्ख ठरला असता तो बिचारा नगरवासी. म्हणूनच शब्द प्रमाण मानताना तो आप्ताचा, म्हणजे विश्वासू माणसाचा असावा, अशी अट नैयायिकांनी घातली. लेबल लावणारा हे आप्तपण नकळत पत्करीत असतो.

कुणी म्हणेल, प्रत्येक नाव तपासत बसलो तर संसार व्हायचा कसा? ‘साखर’ लिहिलेला डबा रोज का कुणी चाखून पाहतो? खरेच आहे, विश्वासाशिवाय घर चालत नाही. पण नाव आणि अनुभव यांचा मेळ बसेनासा झाला, की पहिला संशय नावावर घ्यावा, माणसावर मागाहून. रिमोटच्या बाबतीत आपण हे करतोही. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर तो धरून बटण दाबतो. टोकाशी जांभळट उजेड दिसला तर तो अवरक्त किरणांचा, नाही तर बहुधा रेडिओचा. पाठीवरचा बारीक नोंदणी-क्रमांक भिंग लावून वाचतो.

एका यंत्राच्या वाट्याला एवढी चौकशी येते. ‘ढ’, ‘हट्टी’, ‘आळशी’ असे लेबल लहानपणीच चिकटलेल्या मुलाच्या वाट्याला ती येते काय? दिवाळीच्या आवराआवरीत डब्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या आपण भिजवून खरवडतो. त्याच हातांनी घरातल्या एखाद्या माणसावरचीही चिठ्ठी काढून पाहावी. खाली निराळेच काही असण्याचा संभव आहे.