पोंग्याच्या आत

ऑगस्ट उतरणीला लागतो, रोवणी आटोपलेली असते आणि आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही. साकोली-लाखनीकडच्या बांध्यांत तेव्हा धान डोळ्यांत भरतं, आणि गादमाशीचं कामही याच दिवसांत चालतं. डासाएवढी ही माशी रात्री पानावर अंडी घालते. अळी पानावरच्या ओलाव्यातून सरकत फुटव्याच्या कोंबापर्यंत जाते आणि तिथेच बसते. दोनेक आठवडे बाहेर काही कळत नाही. मग पान यायच्या जागी कांद्याच्या पातीसारखी फिकट, चकचकीत नळी निघते. तोच चंदेरी पोंगा. त्या फुटव्याला आता लोंबी येणार नाही. धान मात्र बाजूने नवे फुटवे काढतं, त्यामुळे कीड लागलेला चूड कधी कधी शेजारच्याहून भरगच्च दिसतो. धुऱ्यावरून पाहणाऱ्याला हे कळावं कसं?

मावळातल्या पॉलीहाऊसमध्ये जरबेऱ्याचे फुलकिडे असेच कळीत दडतात. पण फूल पांढऱ्या कागदावर झटकलं की ते खाली पडतात, निळ्या चिकट सापळ्यांवरही सापडतात. धानातली अळी अशी झटकून निघत नाही. प्रकाश सापळ्यात माशी किती येते त्यावरून अंदाज बांधायचा, नाही तर बांधीत उतरून फुटवे मोजायचे. शंभरात 5 पोंगे दिसले की औषधाचा विचार करावा, अशी शिफारस आहे.

आकडा कामाचा आहे, पण त्यात पोंगा फक्त मोजला जातो, उघडला जात नाही. प्लॅटिगॅस्टर ओरायझी नावाची एक बारीक काळी गांधीलमाशी गादमाशीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. अशा अंड्यातली अळी लगेच मरत नाही, पोंगाही करते, पण कोषात जाण्याआधी संपते आणि तिच्या सालीतून अनेक गांधीलमाश्या निघतात. बाहेरून दोन्ही पोंगे सारखेच. पाचांतले चार असे असले तर औषध मारलं कोणाला?

थोडे पोंगे तोडून बाटलीत ठेवावेत, तोंडाला मलमल बांधावी. आतून कोण निघतं ते काही दिवसांत दिसतं, आणि याला खर्च जवळजवळ नाही. गांधीलमाशीवाले पोंगे आणून रोवणीनंतर दहा दिवसांनी 10 चौरस मीटरला 1 या हिशेबाने बांधीत सोडायचीही शिफारस आहे. त्यात उत्साह वाटणं अवघड, हे मान्य. पोंगा झालेला फुटवा तर गेलेलाच असतो. जो काही लाभ आहे तो माशीच्या पुढच्या पिढीच्या वेळचा, आणि गांधीलमाशी धुरा मानत नाही. गादमाशी उशिरा रोवलेल्या धानावर जास्त येते. म्हणजे पोंगे सोडण्याचा सगळ्यात मोठा फायदा तलावाचं पाणी ज्याच्या बांधीला शेवटी पोचतं आणि म्हणून ज्याची रोवणी उशिरा होते, त्याला व्हायचा.