हरलेल्या पैशाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पिंपळखुटीच्या तपासणी नाक्यानंतर पैनगंगा ओलांडतो आणि तेलंगणात शिरतो. २०१७ साली तेलंगणाने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन रमीवर बंदी घातली. महाराष्ट्राने घातली नाही. त्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर देशभर बंदी आणेपर्यंत नदीच्या पलीकडे जो खेळ गुन्हा होता, तोच अलीकडे करपात्र उत्पन्नाचे साधन होता. जुगार असावा की नसावा, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. जुगाराच्या पैशावर कर कसा लागतो आणि हरलेल्या पैशाचे काय होते, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. माझे म्हणणे असे की, जिंकलेली रक्कम मोजायची आणि हरलेली मोजायचीच नाही, ही आपल्या आयकर कायद्याची पद्धत अन्यायाची आहे. तिने जुगार थांबतो हा समजही खरा नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ११५बीबीनुसार लॉटरी, शब्दकोडी, शर्यती, पत्ते, जुगार आणि पैजा यांतून मिळालेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर लागतो. उपकर धरून तो ३१.२ टक्के होतो. ही रक्कम मिळवण्यासाठी केलेला कोणताही खर्च वजा करता येत नाही, असे कलम ५८(४) सांगते. हरलेल्या तिकिटांचे पैसे तर सोडाच, ज्या तिकिटाला बक्षीस लागले त्याची किंमतही वजा होत नाही. मूळ करमुक्त मर्यादा या पैशाला लागू नाही, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणारी सूटही २०२५-२६ पासून या पैशाला नाकारलेली आहे. म्हणजे ज्याचे सारे उत्पन्न कापसाचे, म्हणून करमुक्त, अशा केळापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला बक्षीस लागले तरी कर कोट्यधीशाच्याच दराने. वर्षाकाठी २०,००० रुपयांची तिकिटे घेणाऱ्याला एकदा १५,००० रुपये लागले, तर वर्षअखेर तो ५,००० रुपयांनी खड्ड्यात असतो. कायद्याच्या लेखी मात्र त्याने १५,००० रुपये कमावले आहेत.

ऑनलाइन खेळांसाठी २०२३ साली कलम ११५बीबीजे आले आणि थोडी सुधारणा झाली. खात्यातून काढलेल्या रकमेतून खेळाडूने स्वतः भरलेली रक्कम आणि वर्षारंभीची शिल्लक वजा करायची, उरलेल्या निव्वळ जिंकीवर कर कापायचा, असे सूत्र आयकर नियम १३३ मध्ये घालून दिले. पण हे सूत्र वर्षाच्या कुंपणाबाहेर पाहत नाही. वर्षाला ९ लाख पगार असलेला एखादा शिक्षक घ्या. २०२३-२४ मध्ये त्याने एका ॲपवर ५०,००० रुपये भरले आणि सगळे गमावले. पुढच्या वर्षी १०,००० भरले आणि ४०,००० काढले. दोन वर्षांत त्याचे ६०,००० गेले, ४०,००० आले. तोटा २०,००० रुपयांचा. कायदा मात्र दुसऱ्या वर्षाची ३०,००० रुपयांची जिंकी तेवढी पाहतो आणि उपकरासह ९,३६० रुपये घेतो. तोटा २९,३६० वर जातो. आयकर हा उत्पन्नावरचा कर. इथे उत्पन्न नाहीच, तरीही कर आहे.

हे पहिल्यापासून असेच होते, असा समज असेल तर इतिहास वेगळे सांगतो. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली, तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, याच यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुलीचे. त्या काळी लॉटरीचे बक्षीस हे नैमित्तिक उत्पन्न मानले जाई आणि त्यावर आयकर नव्हता. १९७२ च्या वित्त कायद्याने ते कराच्या कक्षेत आले; अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते. पण त्या कायद्याने कर लावताना दोन गोष्टी सांभाळल्या. पहिल्या ५,००० रुपयांवर कर नाही आणि उरलेल्यातही मोठी वजावट, ही एक. दुसरी माझ्या मते अधिक मोलाची: लॉटरी, शर्यती, पत्ते यांतला तोटा त्याच प्रकारच्या प्राप्तीतून वळता करण्याची मुभा कलम ७४अ मध्ये होती. पगारातून नाही, दुकानाच्या नफ्यातून नाही, फक्त त्याच प्रकारच्या जिंकीतून. १९८६ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना या दोन्ही सवलती गेल्या आणि सपाट ४० टक्के कर आला. २००१ मध्ये दर ३० टक्क्यांवर उतरला, पण तोट्याचे दार बंदच राहिले. आज मी जे मागतो आहे ते या देशाच्या कायद्यात चौदा-पंधरा वर्षे होते आणि त्यामुळे आभाळ कोसळले नव्हते.

त्या बंद दारातही एक फट ठेवलेली आहे, आणि ती कोणासाठी हे पाहण्यासारखे आहे. कलम ७४अ मधली एक तरतूद आजही आहे. ती फक्त शर्यतीचे घोडे बाळगणाऱ्या मालकांसाठी. घोड्यांच्या खोराक-निगराणीत झालेला तोटा मालक चार वर्षे पुढे नेऊन त्याच व्यवसायाच्या उत्पन्नातून वळता करू शकतो. महालक्ष्मीच्या मैदानावर धावणाऱ्या घोड्याच्या मालकाचा तोटा कायद्याला दिसतो, त्याच घोड्यावर शंभर रुपये लावणाऱ्याचा दिसत नाही. शेअर बाजारातल्या वायदे आणि ऑप्शन्सचे तसेच. मान्यताप्राप्त बाजारातले हे व्यवहार कलम ४३(५) नुसार सट्टा मानले जात नाहीत. त्यांतला तोटा पगार सोडून इतर उत्पन्नातून वळता होतो आणि आठ वर्षे पुढे नेता येतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन वर्षांत या व्यवहारांतल्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. कापसाच्या भावातला चढउतार अंगावर घेऊ न शकणाऱ्या जिनिंगवाल्याला वायदेबाजार आधार देऊ शकतो, हे मला मान्य आहे. पण आठवड्याच्या मुदतीच्या दिवशी निर्देशांकाच्या ऑप्शनवर पैसे लावणारा माणूस कोणती जोखीम टाळत असतो?

याहून पुढचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयातले आहे. सोने आणण्यासाठी चलनी नोटा सीमेपार नेताना पकडल्या गेलेल्या पियारा सिंग याच्या खटल्यात १९८० साली न्यायालयाने ठरवले की, तस्करीचे उत्पन्न करपात्र असेल तर त्या धंद्यात जप्त झालेली रक्कम हा तोटाही धरला पाहिजे. २००६ मध्ये टी. ए. कुरेशी या डॉक्टरच्या प्रकरणात जप्त झालेल्या हेरॉइनची किंमतही धंद्यातला तोटा म्हणून मान्य झाली. करनिर्धारण कायद्याने करायचे, नैतिक संतापाने नाही, ही त्यामागची भूमिका होती. ती भूमिका मला पटते, आणि म्हणूनच विचारावेसे वाटते की, हेरॉइनवाल्याला मिळालेला न्याय सरकारनेच छापलेले लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याला का नाही?

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप नैतिक आहे. जुगार घरे बुडवतो, मग हरलेल्या पैशाला करात मान देणे म्हणजे जुगाराला उत्तेजनच नव्हे का? काळजी खरी आहे. कर्जाने वाकलेल्या या जिल्ह्यात ती कोणी हलक्यात घेऊ नये. पण परावृत्त करायचे तर ते आत शिरताना करावे लागते. तिकीट घेणारा बक्षिसावरच्या कराचा विचार करून हात मागे घेत नाही. तो कर त्याला भेटतो तो जिंकल्यावर, आणि बहुतेकांना कधी भेटतच नाही, कारण बहुतेक जण हरतात. दारावर रोखण्याचे काम वस्तू आणि सेवा कर करतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खेळ, कॅसिनो आणि शर्यतींवर लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीसह या सगळ्यांवर ४० टक्के. हा कर हरणारा आणि जिंकणारा दोघेही भरतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शिक्षा म्हणून एक कर असताना आयकराने आपले काम करावे, म्हणजे उत्पन्न नेमके किती हे मोजावे. शिवाय मागणी त्याच प्रकारच्या जिंकीपुरती आहे. पगारातून किंवा कापसाच्या पैशातून जुगाराचा तोटा वजा करू द्या, असे कोणी म्हणत नाही.

आता या कराच्या कक्षेबाहेर काय चालते तेही पाहिले पाहिजे. विदर्भातल्या वर्तमानपत्रांत पोलीस कारवाईची बातमी ठरलेल्या शब्दांत येते: वरली मटक्याच्या अड्ड्यावर किंवा कोंबडबाजारावर छापा, इतका मुद्देमाल जप्त, महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा दाखल. हा मटका मूळचा कापसाचाच. न्यूयॉर्कच्या बाजारातून मुंबईला तारेने येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर आकडे लावले जात. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी दुसऱ्या मार्गाने आकडे काढून तो चालू ठेवला. ओपन आणि क्लोज हे शब्द तेवढे उरले. सट्टापट्टी म्हणजे बोटभर कागद. त्यावर आकडा आणि रक्कम असते. नाव नसते, शिक्का नसतो, पॅन नसतो. एकेरी आकड्याला साधारण नऊपट, जोडीला नव्वदपट. दहादा दहा रुपये लावले आणि एकदा आकडा लागला, तर शंभरातले नव्वद परत येतात. हाच खेळ कायदेशीर असता आणि त्या नव्वदवर ३१.२ टक्के कर लागला असता, तर हातात ६२ रुपयेही उरले नसते. मटक्याचे उत्पन्नही कायद्याने करपात्रच आहे, पण ते विवरणपत्रात कोण दाखवणार? जिथे नोंद आहे तिथला माणूस भरडला जातो आणि जिथे नोंद नाही तिथला सुटतो. सरकार अशा रीतीने स्वतःच नोंद नसलेल्या बाजाराकडे वाट करून देते. कोंबडबाजारात हरलेल्याची तर गोष्टच वेगळी: त्याला दाद मागता येत नाही, कारण पैजेचा करारच १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार निरर्थक आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: लोक खोटे तोटे दाखवतील. अमेरिकेत जिंकलेल्या रकमेइतका तोटा वजा करण्याची मुभा १९३४ पासून आहे, आणि शर्यतीच्या मैदानावर लोकांनी फेकलेली तिकिटे गोळा करून ती आपली म्हणून दाखवण्याचे प्रकार तिथे घडले आहेत. कागदी तिकिटांच्या बाबतीत हा धोका मला खरा वाटतो. म्हणून वजावट फक्त पॅनला जोडलेल्या, बँकेतून गेलेल्या आणि चालकाने स्वतः कळवलेल्या तोट्यालाच मिळावी. बक्षिसाची नोंद करदात्याच्या वार्षिक माहिती विवरणात आपोआप येते. तिथेच त्या चालकाकडे भरलेल्या रकमेचा रकाना आणणे अवघड नाही. नियम १३३ चे सूत्र ज्या सरकारने लिहिले, त्याने हे जमत नाही असे म्हणू नये. रोख तिकीट घेणाऱ्याला याचा लाभ मिळणार नाही, हे मी मान्य करतो. ही उणीव राहील, पण त्यापायी नोंद असलेल्यांनाही नाकारणे बरोबर नाही.

अमेरिकेनेही २०२५ च्या कायद्याने एक पाऊल मागे घेतले आहे. २०२६ पासून तिथे तोट्याच्या ९० टक्केच रक्कम वजा होते. म्हणजे एक लाख डॉलर जिंकून एक लाख हरलेल्या माणसाला दहा हजारांवर कर. हे उदाहरण आपल्या पद्धतीच्या बाजूने कोणी देईल, पण आपल्याकडे लॉटरी-शर्यतींत तर शंभरातला एक रुपयाही वजा होत नाही. मला ब्रिटनची वाट अधिक पटते. तिथे खेळणाऱ्याच्या जिंकीवर आयकर नाही. २००१ मध्ये पैजेवरचा जुना कर काढून बुकींच्या ढोबळ नफ्यावर १५ टक्के कर बसवला गेला. ज्याचा नफा निश्चित आहे त्याच्याकडून घ्या, ज्याचा तोटा जवळजवळ निश्चित आहे त्याच्याकडून नको, असा तो विचार आहे. तो आपल्याकडे उद्याच येईल असे मला वाटत नाही.

ऑनलाइन पैशाच्या खेळांवर आता बंदीच आहे, मग हा वाद कशाला, असेही विचारले जाईल. बंदी ऑनलाइन खेळांवर आहे. राज्य लॉटरी, महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यती, गोव्यात मांडवी नदीतल्या बोटींवरचे कॅसिनो चालूच आहेत. बंदीआधीच्या वर्षांची करनिर्धारणेही बाकी आहेत, आणि ज्या ॲपने पैसे गिळले ते बंद झाले म्हणून त्या वर्षाच्या जिंकीवरची नोटीस काही थांबणार नाही. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा नवा कायदा. त्यात भाषा सोपी झाली, कलमे कमी झाली. जिंकी मोजायची आणि हरलेले सोडून द्यायचे, हे तत्त्व मात्र जसेच्या तसे उतरले आहे.

केंद्रीय अर्थमंत्रालय दरवर्षी अर्थसंकल्पाआधी सूचना मागवते. यवतमाळ, वणी आणि पांढरकवड्याच्या करसल्लागारांनी या वेळी एक सूचना आवर्जून पाठवावी: १९७२ च्या कलम ७४अ मधली मुभा, नोंद असलेल्या तोट्यापुरती आणि त्याच प्रकारच्या जिंकीपुरती, चार वर्षे पुढे नेण्याच्या सोयीसह परत आणा. घोड्याच्या मालकाला ती आजही आहे.