उंदरांची साक्ष

एखादे नवे रसायन शेतात, कारखान्यात किंवा औषधाच्या बाटलीत येण्यापूर्वी ते माणसाच्या प्रजननशक्तीला आणि उदरातील बाळाला बाधक आहे का, हे उंदरांवर तपासले जाते. नर-माद्यांना काही आठवडे ते रसायन कमी-अधिक मात्रेत देतात, मग त्यांच्या जोड्या लावतात. मादी २१-२२ दिवसांत विते. पिल्ले किती, जगली किती, व्यंग कितींना, याची नोंद होते. ती पिल्ले मोठी झाल्यावर त्यांनाही संतती होते का, हे पाहतात. शेवटी प्राणी मारून त्यांचे अवयव तपासतात. दोन पिढ्यांच्या अशा एका चाचणीत सुमारे २,६०० प्राणी खर्ची पडतात. २०११ साली मान्य झालेल्या सुधारित पद्धतीत हा आकडा सुमारे १,४०० वर येतो.

हे करण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

१९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाने याचे उत्तर दिले आहे. मानवी जीव वाचवायला किंवा जपायला हातभार लागत असेल आणि वाजवी मर्यादा पाळल्या जात असतील, तर असे प्रयोग नैतिकदृष्ट्या मान्य आहेत. मात्र प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याचीच आठवण करून दिली.

आपण बहुधा यातला पहिला भाग ऐकून समाधान मानतो. पण 'विनाकारण' म्हणजे काय? एक घडलेली गोष्ट पाहू.

डीबीसीपी नावाचे एक कीटकनाशक पिकांच्या मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींवर वापरत. डाऊ आणि शेल या उत्पादक कंपन्यांनी करवून घेतलेले प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाले. नर उंदरांचे वृषण आक्रसतात, असे त्यांत दिसले होते. तरीही विक्री चालू राहिली आणि हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांना कोणी सावध केले नाही. १९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रोप येथील कारखान्यात कामगारच आपसांत बोलू लागले, की आपल्याला मुले का होत नाहीत? तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू फार कमी किंवा मुळीच नसल्याचे आढळले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याचा वापर थांबला. मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांतही ते वापरले गेले होते. तेथील हजारो मजुरांना पुढे न्यायालयाची पायरी चढावी लागली.

उंदरांनी खरी साक्ष दिली होती. ती सोळा वर्षे कामगारांपर्यंत पोहोचली नाही. म्हणजे त्या मुक्या जिवांचे मरण माणसांनीच विनाकारण ठरवले. प्रयोगाची मर्यादा प्रयोगशाळेच्या दाराशी संपत नाही, असे आम्हाला म्हणूनच वाटते. एखाद्या जिवाचे मोल देऊन मिळवलेले ज्ञान आपल्या मालकीचे नसते. ज्याला धोका आहे त्याचे ते देणे असते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप खराच आहे. थॅलिडोमाइडने गर्भावर होणारा घात उंदरांत सहजी दिसत नाही, सशांत दिसतो. म्हणून पेशींवरच्या आणि संगणकाच्या पद्धतींचा शोध चालू आहे. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद केली, हे योग्यच झाले. लिपस्टिकसाठी ससा मरावा, याला कोणते कारण पुरेसे ठरेल? परंतु जेथे अजून दुसरा मार्ग नाही, तेथे चाचणी टाळली तर तिची जागा मजूर आणि गर्भवती घेतात. तीही चाचणीच, फक्त त्यांच्या नकळत केलेली.

एक चिमणीसुद्धा स्वर्गीय पित्याच्या नजरेआड नाही, हे येशूने शिकवले. मग पिंजऱ्यातला उंदीर आणि पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा मजूर कसा असेल? आपल्या वाडीत फवारणीला माणूस बोलावताना डब्यावरची सूचना त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवू या. हातमोजे देऊ या. घरातील गरोदर बाईला त्या दिवशी लांब ठेवू या. ती सूचना लिहिली जावी म्हणून कितीतरी जीव गेले आहेत. ती न वाचता डबा उघडणे आपल्याला शोभेल का?